पोर्श ९४४ चे कपलर आणि पिना: कुठून घ्यायच्या, कुठून नाही

सरळ मुद्द्यावर येतो. जुन्या स्पोर्ट्स कारच्या वायरिंगसाठी कपलर आणि आतल्या पिना शोधताय ना, तर गाड्यांच्या पार्टच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा. आधी इलेक्ट्रॉनिक्सचा माल विकणाऱ्या मोठ्या साइट्स बघा, मग फोक्सवॅगनचा पार्ट काउंटर, मग जुना बाजार, आणि ऑनलाइन मार्केटप्लेसवर जे "हजार पीसचा किट" म्हणून डबे मिळतात त्यांच्याकडे तर ढुंकूनही बघू नका. खाली सगळं सविस्तर लिहितोय कारण मराठीत याबद्दल कुठेच काही सापडत नाही आणि इंग्रजीत-जर्मनमध्ये जे सापडतं त्यात अर्धे लोक नुसतं "नवीन हार्नेस टाका" म्हणून मोकळे होतात, म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगाच बदला.

माझ्याकडे १९८७ ची पोर्श ९४४ आहे, अडीच लिटरची साधी, टर्बो नाही. राहतो स्टुटगार्टजवळ, म्हणजे पोर्शच्या गावातच म्हणा, पण ९४४ झुफेनहाउझेनला, म्हणजे पोर्शच्या मुख्य कारखान्यात, बनलीच नाही, ती नेकारझुल्मला ऑडीच्या कारखान्यात जोडायचे, इथून गाडीने तासाच्या आत. तीस वर्षं उलटून गेल्यामुळे एच वाली, म्हणजे जपलेल्या जुन्या गाड्यांची नंबर प्लेट लागली आहे, टीयूव्हीवाले, म्हणजे गाड्यांची सक्तीची तपासणी करणारे, दर दोन वर्षांनी तपासतात, ब्रेक बघतात, गंज बघतात, लाइट बघतात, वायरिंगमधले कपलर कोणी उघडून बघत नाही. आणि या गाडीचा खरा रोग तिथेच असतो. इंजिन मजबूत आहे, बॅलन्स शाफ्टवालं, वेळेवर बेल्ट बदलला तर काही होत नाही त्याला. पण इनटेक मॅनिफोल्डच्या खालून आणि इंजिनच्या पाठीमागून जी वायरिंग जाते तिने जवळजवळ चाळीस वर्षं उष्णता खाल्लेली आहे आणि तिथले कपलर हातात घेतले की खारीसारखा चुरा होतो.

लक्षणं काय तर गाडी थंड असताना झकास, गरम झाली की आयडलला गचके, कधी सिग्नलला बंद पडणार आणि मग अर्धा तास चालूच होणार नाही, गार झाली की पुन्हा जणू काही झालंच नाही. गॅरेजवाले अशा वेळी आधी डीएमई रिले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला करंट देणारा रिले, बदलायला सांगतात, ते बरोबरही आहे कारण त्या रिलेच्या आतल्या सोल्डरला तडे जातात हे या गाडीचं प्रसिद्ध दुखणं आहे. पण रिले नवीन असूनही हेच होत असेल तर इंजिनच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला ब्रॅकेटवर दोन तीन-पिनी कपलर असतात ते बघा. एक स्पीड सेन्सरचा (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा), एक रेफरन्स सेन्सरचा (फिरताना इंजिन कुठल्या जागी आहे ते सांगणारा). दोन्ही दिसायला हुबेहूब सारखे! अदलाबदल झाली तर गाडी चालूच होणार नाही, म्हणून उघडायच्या आधी टेप लावून नाव टाका. रेफरन्स सेन्सरचा सिग्नल गेला की स्पार्कही नाही आणि पेट्रोल पंपही नाही, कारण कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हे कळल्याशिवाय तो रिलेमधून पंपाला करंट सोडतच नाही. स्टार्टर मारताना टॅकोमीटरची सुई जरा उडते का बघायचं, उडाली तर बहुतेक सिग्नल येतोय, मेल्यासारखी पडून राहिली तर आधी तो कपलर हातात घ्या.

आता हे कपलर म्हणजे नक्की काय, हे समजलं की अर्धं काम झालं. आपण जो काळा प्लास्टिकचा तुकडा बघतो ते नुसतं घर. खरं काम करते आतली पिन. इंजेक्टरला, तापमानाच्या सेन्सरला आणि अशाच बऱ्याच ठिकाणी जी पिन आहे ती ज्युनिअर पॉवर टायमर नावाच्या फॅमिलीतली, लोक नुसतं जेपीटी म्हणतात. समोरची, म्हणजे सेन्सरमधली, पाती २.८ मिलिमीटर रुंद आणि ०.८ मिलिमीटर जाड. ही काढली एएमपी नावाच्या कंपनीने, ती १९९९ मध्ये टायकोने घेतली आणि २०११ पासून ती टीई कनेक्टिव्हिटी या नावाने चालते. म्हणजे पोर्शचा पार्ट म्हणून आपण जे शोधत बसतो तो मुळात पोर्शचा नाहीच. हीच पिन त्या काळच्या बीएमडब्ल्यूत, व्होल्वोत, ऑडीत, बॉशचं इंजेक्शन असलेल्या कितीतरी गाड्यांत आहे, कॉम्प्युटरला लागणाऱ्या ३५ पिनांच्या मोठ्या कपलरमध्येही याच घराण्यातल्या पिना आहेत, आणि मुख्य म्हणजे ती आजही बनते. दुर्मिळ बिर्मिळ काही नाही. दुर्मिळ आहे ते फक्त योग्य नावाने शोधणं.

तर दुकानं.

पहिलं, अधिकृत डीलरचा काउंटर. मी ज्या काउंटरवर गेलो तिथला माणूस अगदी सज्जन होता, जुन्या गाड्यांबद्दल जिव्हाळा असलेला. त्याने चॅसिस नंबर टाकला, चित्र उघडलं, आणि चित्रात काय तर अख्ख्या इंजिनचा हार्नेस, एक नंबर, एक किंमत. कपलर वेगळा हवाय म्हटल्यावर काही जागी मिळतो, काही जागी त्याचा वेगळा नंबरच नाही. हे जगभर असंच आहे, गाडी कंपनीसाठी हार्नेस हा एक पार्ट असतो, त्यातली पिन हा पार्ट नसतो. जो कपलर मिळतो तो दर्जाला उत्तम, रबरी बूटसकट (मागून वायरीवर बसणारी टोपी) येतो, पण किंमत ऐकून आपण आपोआप "बघतो, कळवतो" म्हणतो. बूट आणि वायरच्या क्लिपा मात्र तिथूनच घ्या, त्यात कंजूषी नको, कारण नकली बूट दोन उन्हाळ्यांत पुन्हा फाटतात.

दुसरं म्हणजे ते डबे. मित्राने आणलेला एक डबा माझ्या टेबलावर आहे, विकणाऱ्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही कारण तोच माल वीस नावांनी विकला जातो. वर लिहिलंय जेपीटी, आतली पिन बघितली तर पत्रा पातळ, बाजूची जी जीभ घरात अडकायला असते ती नखाने वाकते. पातीवर एकदा बसवून काढली की स्प्रिंग सैल, दुसऱ्यांदा बसवली की आपली आपण निसटते. अहो पिनेचं एकच काम आहे, घट्ट धरून बसणं! आणि प्लास्टिकची घरं, त्यात बाजूच्या खाचा अशा काही कोरल्यात की काही सेन्सरवर बसतात, काहींवर अर्धी बसून राहतात, आणि अर्धा बसलेला कपलर हा तुटलेल्यापेक्षा वाईट कारण तुम्हाला वाटतं काम झालं. सरावासाठी ठीक आहे. म्हणजे क्रिंप करायची, पिन वायरीवर दाबून बसवायची, सवय करायला असल्या पिना खुशाल वाया घालवा, गाडीत नको.

तिसरं, आणि माझ्या मते एक नंबर, माउसर आणि डिजी-की. दोन्ही अमेरिकन, माउसर टेक्ससमधल्या मॅन्सफिल्डचं, डिजी-की मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्स नावाच्या गावातलं. गंमत बघा, टीईचं जर्मनीतलं मुख्य ऑफिस बेन्सहाइमला, माझ्या घरापासून गाडीने दोन तासांच्या आत, बॉशचं मुख्यालय गेरलिंगेनला म्हणजे तर शेजारीच, आणि मी त्यांचीच पिन मागवतोय टेक्ससहून. पण सर्व्हिस अशी आहे की तक्रारीला जागा नाही. काही दिवसांत कुरिअर दारात, प्रत्येक प्रकारच्या पिना वेगळ्या पिशवीत, पिशवीवर लेबल, लेबलवर पार्ट नंबर. हे लेबल किती कामाचं आहे ते सहा महिन्यांनी तोच ड्रॉवर उघडल्यावर कळतं. पिन एकेक मिळते, दहा मिळतात, रीळ कापून शंभर मिळतात, आणि एकेक पिन सेंटांत मिळते, युरोत नाही. त्यामुळे लागतील त्याच्या दुप्पट घ्यायच्या, काही बिघडत नाही.

त्रास आहे तो साइटवर शोधताना. पहिल्यांदा गेलात तर भोवळ येईल, कारण "९४४ चा कपलर" असं तिथे काही नाही, तिथे आहे नुसता समुद्र, एकाच पिनेचे दहा-बारा भाऊ, नंबर सगळा सारखा आणि शेवटच्या डॅशनंतरचा आकडा वेगळा. घाबरू नका, चारच गोष्टी बघायच्या असतात. वायर किती स्क्वेअर मिलिमीटरची आहे, वायरचं बाहेरचं प्लास्टिक किती जाड आहे, पिनेवर मुलामा कशाचा आहे, आणि ती पिन रबरी सीलवाली आहे की बिनसीलची. इंजेक्टरला आणि सेन्सरला बहुतेक जागी वायर बारीक असते, पंपाला आणि मेन सप्लायला जाड, एकच पिन दोन्हीकडे चालत नाही, बारीक वायरीवर मोठी पिन दाबली की वरून छान दिसते आणि आत वायर हलत असते. अमेरिकन साइटवर कधी कधी माप एडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे अमेरिकन वायर गेजमध्ये असतं, तर लक्षात ठेवा २० नंबर म्हणजे साधारण अर्धा स्क्वेअर, १८ म्हणजे ०.८ च्या आसपास, १६ म्हणजे १.३, १४ म्हणजे दोनच्या थोडं वर. नंबर वाढला की वायर बारीक होते, आपल्याकडच्या एसडब्ल्यूजीसारखंच उलटं. मुलाम्याचं म्हणाल तर समोरची पाती टिनची असेल तर पिनही टिनचीच घ्या, सोनं भारी म्हणून सोन्याची घेऊ नका, टिनला सोनं घासत राहिलं की टिन लवकर खराब होतं. जी निघाली तिच्या रंगाची घालायची, विषय संपला.

बारीकसारीक कुरकुर करायचीच तर शिपिंग. थोडक्या पैशांची ऑर्डर टाकली तर कुरिअरचे पैसे पिनांपेक्षा जास्त होतात. म्हणून यादी करून एकदाच मागवायचं. आणि पिनांबरोबर घरं, सील, मागचे बूट सगळं एकाच वेळी शोधून ठेवायचं, नाहीतर पिना येऊन पडतात आणि सील विसरल्यामुळे काम अडून राहतं. वायर म्हणाल तर इथे एफएलआरवाय नावाची मिळते, गाड्यांसाठीची, पातळ इन्सुलेशनवाली, १०५ डिग्रीपर्यंत चालणारी. घरातल्या वायरिंगची वायर बॉनेटखाली घालणाऱ्यांना मी दुरून नमस्कार करतो.

चौथं ठिकाण फार कमी लोकांना माहीत आहे, फोक्सवॅगनचा पार्ट काउंटर. त्यांच्याकडे रिपेअर वायर मिळतात, पार्ट नंबर ००० ९७९ ने सुरू होतो. पिवळी वायर, दोन्ही टोकांना कारखान्यातच क्रिंप केलेली पिन. मधोमध कापायची, दोन पिना झाल्या, उरलेलं टोक आपल्या वायरीला जोडायचं. तुमच्याकडे हत्यार नसेल, किंवा दोन-तीनच पिना बदलायच्या असतील तर याच्यासारखं सोयीचं काही नाही. महाग पडतं, पिनेच्या हिशोबाने बघितलं तर कैकपट, पण क्रिंप निर्दोष असतो आणि ते फक्त पिनेचे पैसे नाहीत, कारखान्यातल्या मशीनचे आहेत असं समजायचं. पोर्शमध्ये फोक्सवॅगनची वायर म्हणून नाक मुरडणारे भेटतात, त्यांना सांगा की ९४४ ची आधीची बहीण ९२४ मुळात फोक्सवॅगनसाठीच डिझाइन होत होती. पुढे बोलत नाहीत.

आता हत्यार, कारण खरे पैसे इथे घालायचे आहेत आणि इथेच लोक हात आखडतात. इलेक्ट्रिशियनकडे जी लाल-निळ्या-पिवळ्या थिंबलची पक्कड असते तिचा इथे काही उपयोग नाही. या पिनांना मागे उघडे पंख असतात, दोन जोड्या, पुढची जोडी तांब्यावर दुमडते आणि मागची प्लास्टिकवर. पंख वर येऊन आत वळले पाहिजेत आणि तांब्यात रुतले पाहिजेत, चपटे होऊन नाही चालत. टीईचं स्वतःचं हत्यार काही शे युरोंना आहे, ते सोडून द्या. मी वापरतो ते जपानी एंजिनिअर कंपनीचं पीए-२०. रॅचेट नाही, म्हणजे किती दाबायचं ते हातालाच कळावं लागतं, आणि तांबं वेगळं दाबायचं, प्लास्टिक वेगळं दाबायचं, दोनदा काम. पण जबडे इतके नीट घासलेले आहेत की थोड्या सरावाने कारखान्याच्या जवळ जाणारा क्रिंप होतो. चिनी रॅचेटवाली स्वस्त हत्यारंही आहेत, काही बरी निघतात, पण एकाच दाबात दोन्ही पंख बसवण्याच्या नादात मागचे पंख वायरीचं प्लास्टिक फाडतात असं मला दिसलं, निदान माझ्या हातात आलेल्या हत्यारात तरी.

चांगला क्रिंप कसा दिसतो ते एकदा नीट बघून घ्या, भिंग घ्या हातात, लाज वाटायचं कारण नाही, घड्याळवाल्याचं दहा युरोचं भिंग पुरतं. वायर चार-पाच मिलिमीटर सोलायची, एकही तार तुटता कामा नये. पिनेत ठेवल्यावर पुढच्या पंखांच्या समोर तांब्याच्या तारांची टोकं जराशी बाहेर दिसली पाहिजेत, अगदी जराशी, आणि दोन पंखांच्या मधल्या फटीत तांबंही दिसलं पाहिजे आणि प्लास्टिकची कडही. नुसतं प्लास्टिक दिसलं तर वायर जास्त आत गेली, पंखाने प्लास्टिक धरलंय, करंट जाणार नाही. नुसतं तांबं दिसलं तर वायर कमी आत गेली, मागचे पंख हवेत. दाबून झालं की पंखांच्या मागच्या कडेला किंचित फुललेलं तोंड राहायला हवं, तिथे कड धारदार झाली तर तीच कड पुढे थरथरून तारा कापते. मग पिन एका हातात, वायर दुसऱ्या हातात आणि ओढायचं, बऱ्यापैकी जोर लावून. निघाली तर बरं झालं, टेबलावर निघाली, ऑटोबानवर नाही. आणि कृपा करून वरून सोल्डर मारू नका. भारतातले सगळे जुने वायरमन काका आता माझ्यावर चिडतील, पण सोल्डर वायरीत वर चढतं, जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. बूट आणि सील आधी वायरीत ओवायचं, मग क्रिंप. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही.

जुनी पिन घरातून काढायला पातळ दोन पात्यांचं हत्यार लागतं, पिनेच्या दोन बाजूंच्या जिभा एकदम दाबल्या गेल्या की पिन मागून सुळकन येते. इथे जोर लावायचा नाही, आधी पिन पुढे ढकलायची म्हणजे जिभेवरचा ताण सुटतो, मग पाती घालायची, मग ओढायची. पण चाळीस वर्षांचं घर असेल तर एवढं कशाला, घर कापून टाका, नाहीतरी बदलायचंच आहे. फक्त ३५ पिनांच्या कॉम्प्युटरच्या कपलरला हा प्रयोग नको, ते घर सहसा आतल्या बाजूला, पायाजवळ, थंड जागी असल्याने ठणठणीत असतं. आणि इंजेक्टरच्या कपलरची ती तारेची चौकोनी क्लिप! कपलर ओढण्याआधी ती बारीक स्क्रूड्रायव्हरने पूर्ण काढायची आणि काढताना खाली फडकं पसरायचं, कारण ती उडते आणि इनटेकखाली अशा जागी जाऊन बसते जिथे फक्त मॅग्नेटची काठी पोचते. हल्ली दाबून निघणाऱ्या क्लिपचे नवे कपलरही मिळतात, सोयीचे आहेत, दिसायला मात्र मूळचे वाटत नाहीत. मी मूळ तारेचेच घातले, ज्याची त्याची हौस.

जुना बाजार म्हणजे इथे व्हेटरामा. मानहाइमला शरद ऋतूत भरतो, मैदानच्या मैदान भरून गंजलेले पार्ट, अंगावर रेनकोट घातलेले आजोबा, सॉसेजचा वास. पिना इथून घ्यायच्या नाहीत, जुनी पिन ती जुनीच. पण जी घरं आता कोणी बनवत नाही, हेडलाइट वर-खाली करणाऱ्या मोटरची, डॅशबोर्डच्या मागची, ती इथे हार्नेसच्या तुकड्यांसकट मिळतात. घेताना वीतभर वायर ठेवून कापलेलाच घ्या आणि जागेवरच एकदा वाकवून बघा, आतल्या बाजूच्या वायरिंगचं प्लास्टिक लवचिक राहिलेलं असतं, इंजिनच्या बाजूचं हातात मोडतं. भाव करा, आजोबांना आवडतं.

हे सगळं जर्मन गाड्यांचं झालं. माझा एक मित्र लेस्टरला असतो, त्याच्याकडे एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे, त्याच्या गाडीवर काम करताना तर दुनियाच उलटी. तिथे लुकास कंपनीचे बुलेट, म्हणजे गोळीच्या आकाराच्या पिना, ४.७ मिलिमीटरचे, पितळेचे, रबरी नळीत दोन्हीकडून खुपसायचे, आणि चपट्या पात्यांसाठी लुकार, म्हणजे ६.३ वाले. रबरी नळीच्या आतली पत्र्याची नळी गंजते आणि मग अर्ध्या गाडीचे लाइट मंद. या मालासाठी ब्रिटनमध्ये मात्र गाड्यांच्या वायरिंगचीच खास दुकानं आहेत, इल्कस्टनचं व्हेइकल वायरिंग प्रॉडक्ट्स आणि नॉटिंगहॅमजवळचं ऑटोस्पार्क्स, आणि तिथे मला काही इलेक्ट्रॉनिक्सच्या साइटवर जायची गरज वाटली नाही. बुलेट, नळ्या, बुलेटची वेगळी पक्कड, जुन्या रंगांच्या पट्ट्यांची वायर, सगळं एका जागी. ऑटोस्पार्क्सवाले तर सुती वेष्टणाचे अख्खे हार्नेस बनवून देतात. एकच अडचण, ब्रेक्झिटनंतर तिथून जर्मनीत पार्सल मागवलं की १९ टक्के कर भरा आणि कुरिअरची हमालीही वेगळी. मित्र ब्रिटनमध्ये, त्याला फिकीर नाही.

पण रंगांबद्दल जीव तोडून सांगतो. जर्मन गाडीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ. ब्रिटिश गाडीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीवरून येणारा करंट, मध्ये फ्यूजसुद्धा नाही! जर्मन गाडीत काळी म्हणजे बहुतेक वेळा इग्निशननंतरचा करंट, ब्रिटिश गाडीत काळी म्हणजे अर्थ. म्हणजे एका गाडीची सवय घेऊन दुसऱ्या गाडीत हात घातलात तर तपकिरी वायर बॉडीला टेकवाल आणि धूर निघेल. त्यात १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, ती वेगळीच मजा. जर्मन गाडीत निदान आकड्यांचा आधार आहे, ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावी, ३१ म्हणजे अर्थ, रिलेवर ८५-८६ कॉइल आणि ८७ बाहेर जाणारं. हे आकडे पाठ झाले की कुठल्याही जर्मन गाडीचं डायग्राम वाचता येतं, आणि आपल्याकडच्या साध्या हॉर्नच्या रिलेवरही हेच आकडे छापलेले असतात, बघा कधी उलटा करून.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि लोहार चाळीत क्रिंपची हत्यारं, हीट श्रिंक, वायर बघायला मिळेल, हातात घेऊन बघता येतं हा तिथला मोठा फायदा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला कापलेले हार्नेस मिळतात, त्यावर व्हेटरामाचाच नियम, घर घ्या, पिन नका घेऊ. डिजी-की आणि माउसर भारतातही माल पाठवतात, शिपिंग आणि ड्युटी धरून हिशोब करा. मागच्या सुट्टीत नाशिकला मामाकडे गेलो होतो, मामा बॉशमधून रिटायर झालेले, म्हणजे त्यांच्या भाषेत मायकोमधून, त्यांना मी खिशातून पिन काढून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही पंख बघितले, नखाने मागची कड तपासली आणि म्हणाले, "बरी आहे, पण इन्सुलेशनचा पंख अजून अर्धा टिचका कमी दाब." मामी म्हणाल्या, "आधी चहा घ्या दोघं, गार होतोय."

मार्क द्यायचेच तर माउसर आणि डिजी-की दोघांना पाचपैकी साडेचार, अर्धा शिपिंगचा कापला. फोक्सवॅगनच्या पिवळ्या वायरीला चार. पीए-२० ला साडेचार. डीलरच्या बूट-क्लिपांना चार, तिथल्या कपलरच्या किमतीला दोन. डब्याला मी मार्क देणार नाही.

गाडी आता गरम असतानाही पहिल्या सेल्फला घेते. इंजिनच्या बाजूचं सगळं झालंय, दोन्ही सेन्सर, चारही इंजेक्टर, तापमानाचा सेन्सर, बेलहाउसिंगजवळचा अर्थ घासून पुसून नवीन लग लावून. मागचं बाकी आहे, पेट्रोल पंपाच्या आणि मागच्या लाइटच्या पिना, त्या जाड वायरीच्या आहेत म्हणून वेगळ्या मागवाव्या लागणार. पुढच्या महिन्यात ऑर्डर टाकतोय, स्टुटगार्टच्या आसपास कोणाकडे जुनी बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्वो काहीही असेल आणि जेपीटी पिना हव्या असतील तर खाली लिहा, वायरीचं माप नक्की सांगा, शिपिंग वाटून घेऊ.